भूक शमली, की अन्नावरची वासना उडाली?

‘फूड नॉइज’ हा शब्द एव्हाना तुमच्या फीडमध्ये येऊन गेला असेल. ओझेम्पिक, वेगोव्ही, मौंजारो यांपैकी एखादं इंजेक्शन घेणारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून सांगतात, की डोक्यात दिवसभर चाललेला खाण्याचा कोलाहल अचानक थांबला. चार वाजता काय खायचं, फ्रिजमध्ये काय उरलंय, डब्यातला शेवटचा लाडू संपवावा का, सगळं गप्प. या शब्दाने अनेकांना धीर दिला, हे मान्य करायला हवं. तोवर त्यांना घरचे, मित्र आणि डॉक्टर एकच सांगत आले होते : तोंडावर ताबा ठेव. आपल्या डोक्यात खरंच काहीतरी वाजत होतं, तो आपला आळशीपणा नव्हता, हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं.

पण आवाज थांबला म्हणजे नेमकं काय झालं? चार घासांत पोट भरलं? भूक लागलीच नाही? ताट समोर येताच ढवळायला लागलं? की खाल्लं, पण त्यात काही गोडी वाटली नाही? ही चार वेगळी वाक्यं आहेत आणि चारही ‘आता मी कमी खातो’ या एका वाक्यात मावतात. या औषधांविषयी आज जे लिहिलं जातंय, त्यातलं बरंचसं या एका वाक्यावर थांबतं. माझी तक्रार त्या थांबण्याबद्दल आहे.

या लेखनातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे जोहान हारीचं ‘मॅजिक पिल’. ते मे २०२४ मध्ये आलं. ‘स्टोलन फोकस’ हे फोनमुळे हरवलेल्या लक्षाबद्दलचं त्याचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. ‘मॅजिक पिल’मध्ये तो स्वतः ओझेम्पिक घेतो, त्याचं वजन उतरतं, आणि आपण केलं ते बरोबर की चूक या प्रश्नाच्या मागे तो देशोदेशी फिरतो. नाव ‘गोळी’चं आणि औषध टोचायचं, ही विसंगती सोडून देऊ.

पुस्तकाचा गाभा पटण्यासारखा आहे. हारी म्हणतो, की माणसाची तृप्तीची जाणीव कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांनी पोखरली आणि ही औषधं ती परत आणून देतात. म्हणजे एका उद्योगाने बिघडवायचं आणि दुसऱ्याने दुरुस्तीचे पैसे घ्यायचे. यासाठी तो पॉल केनी यांच्या उंदरांवरच्या प्रयोगाचा आधार घेतो. उंदरांना चीजकेक, बेकन, चॉकलेट असं हवं तेवढं खाऊ दिलं आणि मग ते काढून साधं खाणं समोर ठेवलं, तर ते त्याकडे फिरकेनात. पुस्तकातला हा भाग वाचताना स्वतःच्या हातातल्या वेफर्सच्या पाकिटाकडे नजर जाते. हारीला हे जमतं. एखाद्या संशोधनाला तो तुमच्या स्वयंपाकघरात आणून बसवतो.

जिथे जमत नाही, ती जागा तृप्तीनंतरची आहे. माझ्या वाचनात पुस्तकाची मांडणी अशी दिसते : भूक कमी होणं हा औषधाचा परिणाम, मळमळ हा दुष्परिणाम आणि खाण्यातली मजा जाणं हा संभाव्य धोका. तीन गोष्टी, तीन खण. मळमळीबद्दल तो लिहितो, स्वतःचा अनुभवही सांगतो, पण ती सोसून पुढे जायची वाटेतली खळगी असल्यासारखी येते. तिचा भुकेशी काय संबंध, हा प्रश्न उभा राहत नाही. आणि मजा जाण्याच्या मुद्द्यावर तर पुस्तकाची फजितीच झाली. जे रेनर या ब्रिटिश खाद्यसमीक्षकाने हे औषध घेतलं आणि उत्तमोत्तम रेस्तराँमध्येही त्याला आनंद वाटेनासा झाला, असं त्यात छापलं गेलं. रेनरने औषध कधी घेतलंच नव्हतं. त्याने तसं जाहीर सांगितल्यावर हारीला माफी मागावी लागली. चूक नावाची होती, पण ती कुठे झाली ते महत्त्वाचं आहे. ‘भूक गेली’ आणि ‘चव गेली’ यांतलं अंतर तपासायची जिथे खरी गरज होती, नेमक्या तिथे एक तयार किस्सा कामाला लावला गेला.

हे अंतर शब्दांचं नाही, मेंदूतलं आहे. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

जीएलपी-१ हे आपल्या आतड्यांत तयार होणारं संप्रेरक. जेवल्यावर ते रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं. जोएल हॅबनर आणि स्वेतलाना मोय्सोव्ह यांनी १९८० च्या दशकात बोस्टनमध्ये या कामाचा पाया घातला. त्याचं औषध करण्यातली अडचण अशी, की हे संप्रेरक शरीरात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लोत्ते ब्येरे क्नूडसेन यांनी ते टिकाऊ करण्याचा मार्ग शोधला. आधी दिवसाला एकदा घ्यायचं लिराग्लुटाइड आलं, मग आठवड्याला एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड. ओझेम्पिक आणि वेगोव्ही ही सेमाग्लुटाइडचीच दोन नावं. या तिघांना २०२४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला हे सगळं साखरेसाठी चाललं होतं. पण १९९६ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने जीएलपी-१ थेट उंदरांच्या मेंदूत सोडलं आणि उपाशी उंदीर कमी खाऊ लागले. याच संप्रेरकाची वाट अडवली, तर पोट भरलेले उंदीरही जास्त खाऊ लागले. म्हणजे हा निरोप पोटापुरता नव्हता, मेंदूसाठीही होता. स्वतः मेंदूच्या देठातल्या काही पेशीही तो तयार करतात.

आता दोन मिनिटं आणि आठवडा यांतला फरक डोळ्यांसमोर आणा. जेवणानंतर येऊन निरोप सांगून जाणारा माणूस आता आठवडाभर ओट्यावर ठाण मांडून बसलेला आहे. तो कोणकोणत्या दारांवर थाप मारत असेल?

मेंदूच्या देठात, मानेच्या वरच्या बाजूला, एरिया पोस्ट्रेमा नावाची एक चिमुकली जागा आहे. मेंदूत जवळपास सगळीकडे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो. इथे तो मुद्दाम सैल ठेवलेला आहे, कारण रक्तात विष आलंय का, हे चाखून बघणं हे या जागेचं काम. आलं असेल तर मळमळ, उलटी. तिला लागूनच न्यूक्लिअस ट्रॅक्टस सॉलिटेरियस, थोडक्यात एनटीएस. पोट किती ताणलंय, आतड्यात काय आलंय, याच्या खबरा मज्जातंतूंवाटे इथे येतात. दोन्ही जागांवर जीएलपी-१ ओळखणाऱ्या पेशी आहेत. एक विषाची पहारेकरीण, दुसरी जेवणाचा हिशेब ठेवणारी, आणि दोघींच्या घरांना भिंतीला भिंत.

अनेक वर्षं असं मानणाऱ्यांची एक फळी होती, की ही औषधं मळमळवतात म्हणूनच माणूस कमी खातो. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे हारीचं पुस्तक आल्यावर दोन महिन्यांनी, ‘नेचर’मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या अँबर अल्हाडेफ यांच्या गटाचं काम छापून आलं. उंदरांमध्ये त्यांनी या दोन जागा वेगळ्या करून दाखवल्या. एनटीएसमधल्या त्या पेशी चेतवल्या तर उंदीर कमी खातात, पण त्यांना शिसारी येत नाही. एरिया पोस्ट्रेमातल्या चेतवल्या तर शिसारी येते. एरिया पोस्ट्रेमातल्या पेशी काढून टाकल्यावरही औषधाने खाणं कमी झालंच. औषध दोन्ही दारं एकदम वाजवतं, पण ती दारं दोन आहेत.

उंदराला शिसारी आली हे कसं कळतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्त आहे. उंदरांना उलटी करताच येत नाही. म्हणून त्यांना एखादी नवी चव देतात, त्याबरोबर औषध देतात आणि पुढच्या वेळी ते त्या चवीला तोंड लावतात की नाही ते बघतात. ज्या पदार्थाने एकदा ओकारी झाली, त्याचा वर्षानुवर्षं वासही सहन न होणारा माणूस तुमच्या घरात असेलच. तीच गोष्ट.

माणसांतही याला जुळणारा पुरावा आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. मळमळ झाली औषध घेणाऱ्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकीही १७.४ टक्क्यांना. पुढे या मालिकेतल्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनात मळमळ-उलटीचा वाटा एका टक्क्याहून कमी निघाला. साध्या भाषेत, शंभर किलोच्या माणसाचं वजन पंधरा किलोने कमी झालं, तर त्यातलं किलोभरही मळमळीच्या खात्यावर जात नाही.

तिसरं दार हायपोथॅलॅमसमध्ये आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०२४ मध्येच ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की तिथल्या काही पेशी अन्न तोंडात जाण्याआधीच, ते दिसताक्षणी जाग्या होतात आणि औषध ही खाण्याआधीची तृप्ती वाढवतं. ‘बघूनच पोट भरलं’ हे आपण पंगतीत आग्रह टाळायला म्हणतो. इथे ते शब्दशः खरं होतं. चौथं दार सुखाचं. खाण्याची, दारूची ओढ जिथून निर्माण होते, त्या वाटांवरही हे औषध काम करत असावं, असं मानायला जागा आहे. २०२५ मध्ये ४८ जणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत सेमाग्लुटाइडने दारूची तल्लफ कमी झाल्याचं दिसलं. जीएलपी-१ च्या शोधातले एक बिनीचे शास्त्रज्ञ जेन्स यूल होल्स्ट यांनी तर २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं, की खाण्यातला आनंदच गेला की जगणं इतकं नीरस होतं, की बरेच जण वर्ष-दोन वर्षांत औषध सोडून देतात.

हारीकडे हे सगळं असायला हवं होतं, अशी माझी मागणी नाही. यातली दोन मोठी संशोधनं त्याच्या पुस्तकानंतर किंवा आसपासच आली. माझा आक्षेप आहे तो रूपकावर. ‘नॉइज’ म्हटलं की चांगलं-वाईट आधीच ठरून जातं. आवाज हा त्रासच असतो आणि शांतता नेहमी चांगलीच. मग ती शांतता पोट भरल्याची आहे, शिसारीची आहे, की कशातच रस न उरल्याची, हे विचारायची गरज वाटत नाही.

आणि हा शब्द कुठून आला तेही बघायला हवं. ज्या घरात चोवीस तास अन्न हाताशी आहे, तिथेच भूक हा गोंगाट होऊ शकतो. मराठी वाचकाला भुकेचं दुसरं लेखन ठाऊक आहे. दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ ही पुस्तकं वाचलेल्या कुणालाही भुकेला गोंगाट म्हणताना जीभ अडखळेल. तिथे भूक ही साक्ष आहे, समाजावरचा आरोप आहे. स्थूल माणसाची भूक खोटी, असं मला म्हणायचं नाही. तीही खरीच आहे, आणि तिची टिंगल करण्यात आपण कुणाला मागे नाही. पण दोन्ही भुकांना पुरेल असा शब्द हवा असेल तर ‘नॉइज’ तो नाही.

मराठीत मात्र या जागेवर शब्दांची चंगळ आहे. वखवख वेगळी, खा-खा सुटणं वेगळं. पोट भरतं पण मन भरत नाही. तोंडाला चव नसते, घास उतरत नाही, अन्न जात नाही. अन्नावरची वासना उडते. ढवळतं, उमासे येतात, शिसारी बसते. आजी आजारी माणसाला ‘काय होतंय’ असं विचारते, तेव्हा तिला यांतला नेमका एक शब्द उत्तर म्हणून हवा असतो, कारण त्यावर पेज द्यायची, लिंबाची फोड द्यायची की नुसतं पडू द्यायचं, हे ठरतं.

सर्वांत चकित करणारा शब्द ‘डोहाळे’. त्याचा अर्थ गरोदरपणातली खाण्याची ओढ. पण ‘तिला डोहाळे फार कडक लागलेत’ म्हटलं, की आपण उलट्यांबद्दल बोलत असतो. ओढ आणि ओकारी एकाच शब्दात. २०२३ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने गरोदरपणातल्या मळमळीचं मोठं कारण म्हणून जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. हे संप्रेरक मेंदूत कुठे काम करतं? त्याच एरिया पोस्ट्रेमाच्या परिसरात. आणि ते आणखी कशाने वाढतं? मेटफॉर्मिनने. घरोघरी औषधांच्या डब्यात असलेली, मधुमेहाची साधी, जुनी, स्वस्त गोळी. ज्या उंदरांमध्ये जीडीएफ-१५ तयारच होत नव्हतं, त्यांच्या वजनावर मेटफॉर्मिनचा परिणाम दिसला नाही. म्हणजे ओझेम्पिकचं नावही न ऐकलेल्या आपल्या कितीतरी काका-मावशांच्या भुकेला मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं मेंदूतून हात लावत आलं असणार. त्याबद्दल कुणी रील केलं नाही, एवढंच.

हे आता का बोलायचं? मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्यांची स्वस्त आवृत्ती निघाली, की श्रीमंतांचं हे इंजेक्शन तुमच्या-माझ्या घरात पोचणार. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. हारीच्या पुस्तकातलं शरीर मात्र पाश्चात्त्य शरीर आहे : मोठं, उघड दिसणारं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपल्याकडचा मधुमेही असा बारीक दिसणारा, आतून चरबीचा आणि स्नायू कमी असलेला असू शकतो. त्याची भूक मेली, तर चरबीबरोबर आधीच बेताचे असलेले स्नायूही उतरतात. तो सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि ढवळतंय म्हणून जेवलाच नाही, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : मळमळतंय ना, म्हणजे औषध लागू पडतंय. कडू औषधच गुणकारी, या आपल्या जुन्या समजुतीला ते शोभूनही दिसतं. वर सांगितलेले आकडे या वाक्याच्या विरोधात आहेत. मळमळ ही औषध काम करत असल्याची पावती नाही. वेगोव्हीचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनी २.४ पर्यंत चढवतात, तो शरीराला सवय व्हावी आणि हा त्रास कमी व्हावा म्हणूनच. कुणी दात-ओठ खाऊन सोसत असेल, तर त्यातून त्याचं वजन जास्त उतरणार नाही. डॉक्टरांना सांगून डोस थांबवता येतो, कमी करता येतो. पण त्यासाठी रुग्णाने ‘भूक कमी झाली’ एवढंच न म्हणता ‘ताट बघितलं की ढवळतं’ असं म्हणायला हवं. आणि समोरच्याला त्यांतला फरक ऐकू यायला हवा.

‘मॅजिक पिल’ वाचा. अन्नउद्योगाबद्दलचा त्याचा राग खरा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. फक्त जिथे जिथे तो शांततेबद्दल लिहितो, तिथे समासात एक प्रश्न लिहून ठेवा : यातली कोणती? आणि घरात कुणी हे इंजेक्शन सुरू केलं असेल, तर वजनाचा काटा बघण्याआधी त्यांना विचारा, की पोट भरतंय, जेवण जात नाही, की नकोसंच झालंय. उत्तर द्यायला त्यांना इंग्रजी शब्द लागणार नाही.